पिळतोय की सुटतोय? जुन्या इंजिनात जाम बसलेले स्टड काढताना

"भाऊ, तो सुटून नाही राह्यला, पिळून राह्यला. हात काढा."

नागपुरात सक्करदऱ्याच्या एका गॅरेजमध्ये वयस्कर मिस्त्रींनी मला हे सांगितलं, तेव्हा पाना माझ्या हातात होता आणि समोर वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा, स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला, डोकं नसलेला बोल्ट) थोडा फिरला म्हणून मी खूश झालो होतो. मिस्त्रींनी पाना सोडायला लावला. स्टड स्प्रिंगसारखा मागे आला, जिथून निघाला होता बरोब्बर तिथेच. मुळाशी तो केसभरही हलला नव्हता, फक्त वरचं टोक फिरलं होतं. त्याच्या शेजारचा स्टड मी आदल्या रविवारी असाच खुशीत तोडला होता. तुटलेल्या तुकड्यात भोक पाडून एक्सट्रॅक्टर (तुकडा उलटा फिरवून काढायचं हत्यार) घातला, तोही आत मोडला. शेवटी हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून हिंगण्याच्या एमआयडीसीत स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवणारं यंत्र) न्यावं लागलं. सगळा खटाटोप घाईच्या अर्ध्या मिनिटामुळे.

जाम स्टड काढणं म्हणजे पिळणं आणि सुटणं यातला फरक हाताला कळणं. तेल, आच, ठोके हे सगळं तो फरक आपल्या बाजूला झुकवण्यासाठी. जुन्या गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत चाललेत, त्यामुळे एक हेड वाचलं तरी ते मोठं काम आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी धातू ओळखा

स्टड पोलादाचा असतो, तो कशात बसलाय यावर सगळी पद्धत ठरते. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. अँबेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात हेडही बिडाचंच. तुमच्या गाडीचं ठाऊक नसेल तर चुंबक लावून बघा. बिडाला चिकटतो, ॲल्युमिनियमला नाही.

बिडात पोलाद गंजून बसतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो पाचरीसारखा ठासला जातो. ॲल्युमिनियममध्ये वेगळंच घडतं. दोन भिन्न धातू आणि मध्ये ओल, म्हणजे लहानशी बॅटरीच. झिजतं ॲल्युमिनियम आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. इथे आणखी एक धोका: पोलादाच्या स्टडपेक्षा ॲल्युमिनियमचे आटे मऊ, म्हणून जबरदस्ती केली तर स्टड बाहेर येतो खरा, पण आटे सोबत घेऊन येतो.

मापाचं बघा. पद्मिनीसारख्या गाड्यांत मिलिमीटर. अँबेसेडरमध्ये इंची माप, ज्याला आपले मिस्त्री सुतात मोजतात. अडीच सुती म्हणजे ५/१६ इंच, तीन सुती म्हणजे ३/८. अडीच सुती आणि ८ मिमी डोळ्यांना सारखे दिसतात, पण एकाच्या भोकात दुसऱ्याचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) घातला की आटे गेलेच. शिवाय पुष्कळ स्टडांना दोन टोकांचे आटे वेगळे असतात, आत जाणारे जाड आणि नटकडचे बारीक. टॅप घ्यायचा तो आतल्या टोकाचा.

रविवारचं काम गुरुवारी सुरू होतं

तारेच्या ब्रशने स्टडचे उघडे आटे आणि बुडाची कडा स्वच्छ करा. गंजाच्या पापुद्र्यावर तेल ओतलं तर ते पापुद्र्यातच मुरतं. मग पेनिट्रेटिंग तेल. बाजारातला स्प्रे चालतो. मी निम्मं ॲसिटोन आणि निम्मं एटीएफ, म्हणजे ऑटो गिअरचं तेल, असं मिश्रण वापरतो. ते बाटलीत वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवायचं. ॲसिटोन पेंट आणि रबर खातं आणि चटकन पेट घेतं, हे लक्षात असू द्या. नुसतं रॉकेल किंवा डिझेलही काम करतं, मात्र सावकाश.

नागपूरच्या उन्हाळ्यात याची वेळ महत्त्वाची. मे महिन्यात दुपारी अंगणातल्या गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही. त्या वेळी घातलेलं ॲसिटोन आट्यांत शिरायच्या आधीच उडून जातं. म्हणून तेल संध्याकाळी घालायचं, आणि शक्य असेल तर इंजिन चालवून गरम केल्यावर. इंजिन बंद करा, स्टड हाताला सोसवेल इतका निवू द्या, मग तेल सोडा. निवताना फट तेल आत ओढते. तीन संध्याकाळी हेच करा.

तेलासोबत ठोके. स्टडच्या टोकावर नट टोकाशी समपातळीत येईल असा चढवा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. पितळी हातोडीने सरळ अक्षावर दहा-पंधरा मध्यम ठोके द्या. घण नको. गंज ठिसूळ असतो, ठोक्याने त्याला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

हाताला सवय नसेल तर आधी कूलरकडे जा. नागपुरात जुना कूलर नाही असं घर विरळाच, आणि त्याच्या स्टँडचे बोल्ट खारट पाण्याने असे गंजलेले असतात की सरावाला याहून चांगलं काही नाही. दोन-तीन मुद्दाम तोडा. तुटण्याच्या आधी पाना कसा मऊ लागतो, ते एकदा मनगटात बसलं की जन्मभर राहतं.

रेघ मारा

माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी गोष्ट, आणि खर्च शून्य. बारीक ब्रशने पांढऱ्या ऑइलपेंटची एक सरळ रेघ स्टडच्या टोकापासून बुडापर्यंत ओढा आणि तशीच पुढे हेडवर न्या. आता पाना फिरवताना नजर टोकावर नव्हे, बुडाशी ठेवा. बुडाशी रेघ तुटली, म्हणजे स्टडवरची आणि हेडवरची रेघ एकमेकींपासून सरकली, तर तो सुटतोय. टोकाची रेघ फिरली आणि बुडाची जागेवरच, तर तो पिळतोय. तिथल्या तिथे थांबा. आच दिल्यावर पेंट जळतो, तेव्हा रेघ पुन्हा मारा.

कानही वापरा. सुटणारा स्टड बहुधा 'टक्' करतो किंवा कुरकुरतो, आणि हाताला एकदम हलका झटका जाणवतो. पिळणारा आवाज करत नाही. तो पाकात आलेल्या चिक्कीसारखा ताणत जातो, जोर तेवढाच लागतो आणि पाना पुढे जात राहतो.

जोराचाही अंदाज असू द्या. ८.८ दर्जाचा कोरा ८ मिमी स्टड ३३ न्यूटन-मीटरच्या आसपासच्या पिळाने तुटू शकतो. वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्यावर सुमारे १७ किलोचा जोर झाला की तिथे पोहोचलात. चाळीस वर्षं तापून-निवून झिजलेला स्टड त्याच्याही आधी जातो. म्हणून पान्याला पाइप लावून हात लांब करणं या कामात नकोच.

नट काढताना

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. गाडी जॅकवर असेल तर खाली घोड्या लावा. चष्मा घाला. डोक्यावरून पडणारा गंजाचा कण डोळ्यात गेला की काम तिथेच संपतं.

सहा कोनी बॉक्स वापरा. बारा कोनी बॉक्स किंवा उघड्या तोंडाचा डी पाना गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. नट सैल करण्याआधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवा. हे उलटं वाटेल, पण गंजाची पकड बऱ्याचदा तशीच मोडते. नटाऐवजी आख्खा स्टडच फिरून बाहेर आला तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्याला तो काढायचाच होता.

नट गोल झालाच तर नट स्प्लिटरने फोडा, नाहीतर कानशीने एक बाजू जवळजवळ आट्यांपर्यंत उतरवा आणि तिथे छन्नीचा एक ठोका द्या. नट पसरतो आणि सैल होतो. छन्नीची दिशा हेडकडे नसावी.

मॅनिफोल्ड निघाल्यावर जुनं गॅस्केट दिसेल. जुन्या एक्झॉस्ट गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कोरडं खरवडू नका. पाणी फवारून ओलं करा, मास्क लावा आणि खरवड पिशवीत बांधून टाका.

डबल नट, मग एक्सट्रॅक्टर

स्टडवर दोन नट चढवा आणि दोन पान्यांनी एकमेकांवर घट्ट आवळा. आता पाना खालच्या नटाला लावून सोडण्याच्या दिशेने फिरवा. वरच्याला लावला तर तो एकटाच निघून येतो. ही पद्धत सौम्य आहे. अति जोर झाला तर नट आधी घसरतात, म्हणजे एक प्रकारे ते तुम्हाला सावध करतात. म्हणून सुरुवात इथून.

त्याने नाही झालं तर रोलरवाला स्टड एक्सट्रॅक्टर. तो स्टडला चौफेर धरतो. पाइप पाना किंवा व्हाइस ग्रिप एका बाजूने चावतात आणि स्टड वाकवतात, त्यामुळे ते अगदी शेवटचा पर्याय. कोणतंही साधन घेतलं तरी चाल एकच. आठवा हिस्सा फेरा बाहेर, तेवढाच आत, तेलाचा थेंब, पुन्हा बाहेर. आत नेताना चुरा झालेला गंज मोकळा होतो. सलग बाहेर ओढत गेलात तर तोच चुरा पुढच्या आट्यात दाबला जातो आणि अर्ध्यावर आलेला स्टड पुन्हा जाम होतो. माझा एक स्टड असा पूर्ण बाहेर यायला पाऊण तास लागला होता. शेवटचा आटा सुटला तेव्हा मिस्त्रींनी तो हातात घेऊन उन्हात धरला आणि म्हणाले, "पाहा, कुठंच मानेत बारीक नाही झाला."

आच: कुठे, किती

एवढ्यावर सुटला नाही तर आच. त्याआधी पेट्रोलची नळी काढून तिचं तोंड बंद करा, कारण जुन्या गाड्यांत कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या जवळच असतो. शेजारी वाळूची बादली आणि विझवायचा सिलिंडर ठेवा. तेलाची चिंधी दूर फेका. जिथे ब्रेक क्लीनर मारला असेल तिथे आच किंवा वेल्डिंग नकोच. क्लोरीनवाला क्लीनर तापला की विषारी वायू होतो.

ॲल्युमिनियमच्या हेडसाठी थोडी आच पुरते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ८ मिमीच्या भोकात तापमान १०० अंशांनी वाढलं तर दोघांत सुमारे ९ मायक्रॉनचा फरक पडतो. आकडा लहान आहे, पण तेल शिरायला तेवढी फट पुरे. हीट गन किंवा लहान गॅस टॉर्चने स्टडच्या भोवतीचा भाग फिरवत तापवा, पाण्याचा थेंब चुरचुरला की थांबा. ॲल्युमिनियम लाल होत नाही. शुद्ध धातू ६६० अंशांना वितळतो, हेडचं मिश्रण त्याच्याही आधी, आणि तोवर रंग बदलून काही कळवत नाही. "अजून लाल कुठं झालं" म्हणत आच वाढवणाऱ्याच्या हातून हेडचा कोपरा ओघळतो.

बिडाचं गणित निराळं. बीड आणि पोलाद जवळपास सारखंच फुगतात, त्यामुळे दोघांना एकदम तापवून हाती फार लागत नाही. एकालाच तापवावं लागतं. बाहेरचं बीड झटपट तापवा आणि स्टड गरम व्हायच्या आत पाना लावा. किंवा फक्त स्टड लालसर करा. लाल झालेला स्टड फुगू पाहतो, पण भोवतीचं थंड बीड त्याला फुगू देत नाही, म्हणून तो आतल्या आत दबतो. निवल्यावर तो मूळ जाडीपेक्षा कणभर बारीक होतो आणि गंजाची पकड मोडते. मात्र तापलेल्या बिडावर पाणी ओतायचं नाही, तडा जातो. हवेवर निवू द्या.

निवताना मेणबत्ती. धूर येणं थांबल्यावर, पण स्टड अजून चांगला गरम असताना, बुडाशी साधी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि तेलासारखं उडून जात नाही. दोन-तीनदा तापवा, निववा, मेण लावा, मग पाना. मला ही युक्ती स्प्रेपेक्षा भरवशाची वाटते.

तुटलाच तर

पाना ठेवा आणि चहा घ्या. तुटल्यानंतरचा पहिला अर्धा तास निर्णय घेण्यासाठी चांगला नसतो. मी एक्सट्रॅक्टर मोडला तो त्याच अर्ध्या तासात.

चार-पाच मिलिमीटर बाहेर असेल तर किंवा समपातळीत तुटला असेल तरी पहिला विचार वेल्डिंगचा. स्टडवर जाड वॉशर ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड भरायचं, मग त्यावर नट ठेवून तोही आतून भरायचा. नट साधा काळा असावा. जस्ताचा मुलामा असेल तर धूर छातीला लागतो. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर पोलादी वेल्ड त्याला चिकटत नाही, हा फायदा. बिडाला मात्र चिकटू शकतं, म्हणून तिथे वॉशर अत्यावश्यक. इथे नटापेक्षा जास्त काम आच करते, कारण स्टड आतून लाल होऊन निवतो. लाली गेल्यावर मेण लावा, हाताला सोसवेल इतकं निवू द्या, मग हळूच पुढे-मागे. वेल्ड तुटलं तर पुन्हा करा. चौथ्या-पाचव्या खेपेला सुटलेले स्टड मी पाहिलेत. स्वतःला वेल्डिंग येत नसेल तर हाताचा पक्का माणूस घरी बोलवा.

तेही शक्य नसेल तर ड्रिल. यातली सगळी मेहनत मध्य साधण्यात आहे. तुटलेलं तोंड कानशीने सपाट करा. मध्य नजरेने काढू नका. लेथवाल्याकडून एक बुश, म्हणजे आखूड नळी, करून घ्या, बाहेरून मॅनिफोल्डच्या भोकात बसेल असा आणि आत ३ मिमीचं भोक. मॅनिफोल्ड शेजारच्या स्टडांवर परत बसवा, बुश घाला आणि त्यातून पहिलं ड्रिल मारा. मग भोक आपोआप मध्यावर आणि सरळ येतं. कोबाल्टचं ड्रिल, कमी वेग, भरपूर दाब आणि तेल. वेग जास्त आणि दाब कमी झाला तर पोलाद घासून कडक होतं, आणि मग ड्रिल नुसतं किंचाळतं. डाव्या फिरकीचं ड्रिल मिळालं तर उत्तम. पुष्कळदा ते भोक पाडता पाडताच तुकडा फिरवून बाहेर काढतं.

तुटलेल्या तुकड्याच्या भोकात घालायच्या एक्सट्रॅक्टरबद्दल स्पष्ट सांगतो: ज्या स्टडने पान्याला दाद दिली नाही, त्याला त्याहून बारीक एक्सट्रॅक्टर फिरवेल ही आशा चुकीची. तो कडक आणि ठिसूळ असतो, आत मोडला की साध्या ड्रिलने कापला जात नाही. वरचं टोक गाडीच्या धक्क्याने तुटलं असेल आणि आटे मुळात सैल असतील, तिथेच तो वापरावा. त्याऐवजी ३, ४, ५, ६ असं वाढवत ८ मिमीच्या १.२५ पिचला (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) ६.८ मिमीपर्यंत जा. भोक मध्यावर असेल तर स्टडची फक्त आट्यांची तार उरते. ती टोकदार सुईने उचकटून पकडीने ओढा, मग टॅप फिरवून आटे साफ करा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. ॲल्युमिनियमला टॅप मारताना रॉकेल लावा, आटे गुळगुळीत निघतात.

भोक सरकलं किंवा आटे गेले तर हेलिकॉइल. ८ मिमीला ८.३ मिमीचं ड्रिल, त्याचाच खास टॅप, मग स्प्रिंगसारखी इन्सर्ट. ॲल्युमिनियममध्ये ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरते, त्यामुळे कमीपणा वाटायचं कारण नाही.

एक फटकीचा उपाय कानावर येईल. तुरटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या फटकीच्या, गरम द्रावणात पोलाद विरघळतं आणि ॲल्युमिनियम बरंच शाबूत राहतं, हे खरं आहे. कार्बोरेटर किंवा थर्मोस्टॅटच्या सुट्या झाकणात मोडलेल्या बारीक स्क्रूसाठी तो वापरता येतो, द्रावण उकळीजवळ ठेवून तासन् तास. आख्ख्या हेडला मात्र नको. व्हॉल्व्ह सीट आणि गाइडही लोहाच्याच असतात.

नवा स्टड

जुना स्टड परत घालू नका, दिसायला कितीही चांगला असो. इतवारीत लोहा ओळीच्या आसपास नट-बोल्टच्या दुकानांत ८.८ दर्जाचे स्टड सुटे मिळतात. जुना नमुना सोबत न्या, लांबी आणि दोन्ही टोकांचं पिच तिथेच नट चढवून तपासा. एक्झॉस्टला पितळी नट घ्या, ते पोलादावर गंजून बसत नाहीत.

आतल्या टोकाला तांब्याचं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा लेप, बारीक थरात लावा. स्टड हाताने बसेल तिथपर्यंत फिरवा, मग डबल नटाने हलकं टेकवा. तो भोकाच्या तळावर आवळायचा नसतो. स्टडचं भोक पाण्याच्या जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं त्या पोकळीत, उघडत असेल तर अँटी-सीझऐवजी सीलंट लागतं. नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने दोन खेपांत आवळा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाळा, पण आट्यांना वंगण असल्यावर त्याच आकड्याला ताण जास्त येतो, म्हणून वरच्या मर्यादेला जाऊ नका.

पहिल्यांदा इंजिन वीस मिनिटं चालवा, पूर्ण निवू द्या आणि नट पुन्हा तपासा. एखादा पाव फेरा घेतोच. आठवडाभराने टॉर्च घेऊन गॅस्केटच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसते का ते बघा, आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना 'टिक-टिक' येतं का ते ऐका.